तब्येत सुधारली म्हणण्याआधी



मिरजेत आपलं मनापासून स्वागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे रुग्णसेवा सुरू केली, तेव्हापासून कुठकुठले पेशंट या स्टेशनावर उतरत आले आहेत. स्वागताध्यक्षाने गावाची महती सांगून खाली बसावं, असा रिवाज आहे. मला मात्र माझी एक चूक सांगायची आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक वहिनी माझ्याकडे यायच्या. चेहरा गोल झालेला, गाल लालबुंद. जावा कौतुकाने म्हणत, "तब्येत सुधारली हो तुमची!" आपल्याकडे वजन वाढलं की तब्येत सुधारते. मी रक्तदाबाची गोळी दिली, पुढे साखरेची दिली आणि वर खाण्यावरून रागावलो. वर्ष असंच गेलं. मग एकदा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पोलकं उसवून घेतलं, पण बांगड्या निसटतात हो."

तेव्हा कुठे मी त्यांचे हात नीट पाहिले. दंड वाळलेले, कातडी पातळ, जागोजाग काळेनिळे डाग. पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे. जमिनीवर बसल्या तर हात टेकल्याशिवाय उठता येईना. भाकऱ्या त्या कधीपासून ओट्याशी उभ्यानेच थापत होत्या. मी विचारलंच नव्हतं.

कॉर्टिसॉल हे जगायला लागणारं संप्रेरक. पहाटे ते चढतं, मध्यरात्री तळाला जातं. ते सतत जास्त राहिलं की स्नायूंतली प्रथिनं झिजतात, हाडं ठिसूळ होतात आणि चरबी चेहऱ्यावर, मानेमागे, पोटावर साठते. पोलकं आणि बांगड्या यांचं कोडं एवढंच होतं. बाल्टिमोरला हार्वे कुशिंग यांनी १९१० साली अशीच एक तेवीस वर्षांची तरुणी तपासली आणि १९१२च्या ग्रंथात तिची हकीकत लिहिली. पियुषिका ग्रंथीतल्या बारीक गाठीशी या आजाराचा संबंध त्यांनी १९३२ साली मांडला. अशी गाठ आज नाकावाटे काढता येते. निदानाला रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी आठला घेतलेलं रक्त उपयोगी पडतं. त्याचा तपशील तज्ज्ञ मंडळी आज दुपारी सांगतीलच.

वहिनींच्या रक्तात मात्र कॉर्टिसॉल कमी निघालं! मी चक्रावलो. खोदून विचारलं तेव्हा पदराच्या गाठीतून पुडी निघाली. गुडघेदुखीवर दोन वर्षं रोज एक. बाजारच्या दिवशी कुणीतरी देत असे. त्यात कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टिरॉइड होतं. बाहेरून एवढं मिळत असल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून झोपी गेल्या होत्या. आपल्याकडे या आजाराचं हेच कारण सर्वांत जास्त दिसतं: पुड्या, एकदा लिहून दिलेल्या आणि वर्षानुवर्षं परस्पर घेतलेल्या गोळ्या, कधीकधी गोरं करणारी मलमंसुद्धा.

"आजच फेका ती पुडी," असं मी म्हणणारच होतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अडवलं. एकदम बंद केली असती, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतलं असतं. पुडीच्या जागी मोजून गोळी दिली आणि ती महिनोन्महिने उतरवत नेली. औषधविक्रेत्या मित्रांनो, म्हणून तुमच्यासाठी पहिल्या रांगा राखल्या आहेत. काउंटरवरून हात पुढे येतो तेव्हा मनगट आधी तुम्हाला दिसतं.

दुपारचं जेवण मागच्या मंडपात आहे. उद्या सकाळच्या सत्रात त्या वहिनी स्वतः बोलणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्ष महोदय, त्या जास्त बोलल्या तर कृपा करून घंटा वाजवू नये.