तनोटची यात्रा : देवदर्शन आणि सीमादर्शन



राजस्थानला जाणारी मराठी कुटुंबे जैसलमेरचा किल्ला पाहतात, वाळूच्या टेकड्यांवर उंटाची सफर करतात आणि तेथूनच परत फिरतात. जैसलमेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर, थरच्या वाळवंटात, पाकिस्तानच्या सीमेजवळ तनोटराय मातेचे मंदिर आहे. सहलीत केवळ एक दिवस वाढविला तर हे दर्शन घडते. मात्र तो दिवस यात्रेच्या भावनेने आखला पाहिजे.

११५६ साली जैसलमेर वसले. त्याच्या कितीतरी आधी तनोट ही भाटी राजपुतांची राजधानी होती. येथील देवी आवड मातेचे रूप मानली जाते आणि आवड माता ही हिंगलाज मातेचा अवतार, अशी या प्रदेशाची श्रद्धा आहे. हिंगलाजचे मूळ पीठ बलुचिस्तानात. १९४७ च्या फाळणीने ते सीमेपलीकडे गेले. तनोटच्या गाभाऱ्यासमोर हात जोडताना या तुटलेल्या तीर्थमार्गाचे स्मरण व्हावे.

१९६५ च्या युद्धात या परिसरावर शत्रूच्या तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. सुमारे तीन हजार गोळे पडले, पण मंदिराला धक्का लागला नाही, असे तेथे सांगितले जाते. न फुटलेले काही गोळे मंदिरात जपून ठेवले आहेत. त्याच वर्षी, १ डिसेंबर १९६५ रोजी, सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. पुढे मंदिराची व्यवस्था या दलाकडे आली. आज तेथील पूजा आणि आरती जवानच करतात. मनोभावे रुमाल बांधून भाविक नवस बोलतात.

मुलांना ही कथा सांगताना एक विवेक बाळगावा. देवीच्या कृपेचे वर्णन करताना त्या वाळूत पाय रोवून उभ्या राहिलेल्या सैनिकांचे शौर्य झाकले जाऊ नये. श्रद्धेने त्यांना बळ दिले. लढले ते मात्र स्वतः. हे ज्याला उमगले, त्याची यात्रा सफल झाली.

म्हणूनच तनोटला जाऊन लोंगेवाला टाळणे योग्य नव्हे. हे ठिकाण तनोटपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनच्या सुमारे १२० जवानांनी रणगाड्यांसह चालून आलेल्या शत्रूला रोखून धरले. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. त्यामुळे उजाडेपर्यंत ठाणे टिकविणे हाच प्रश्न होता. ते टिकले आणि सकाळी विमानांनी रणगाड्यांचा धुव्वा उडविला. चांदपुरींना महावीर चक्र मिळाले. शत्रूचे रणगाडे आज तेथील स्मारकात पाहता येतात. तनोटच्या मंदिर परिसरातही विजयस्तंभ आहे.

आता नियोजनाविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे थंडी बोचते, म्हणून ज्येष्ठांसाठी गरम कपडे घ्यावेत. नवरात्रात गर्दी असते. जैसलमेरहून सकाळी सहाच्या सुमारास निघावे. रामगढला इंधन भरून घ्यावे, कारण पुढे सोयी विरळ आहेत. आधी तनोट, मग लोंगेवाला आणि अंधार पडण्यापूर्वी जैसलमेर, असा क्रम सोयीचा. पिण्याचे पाणी, दशम्या-चटणी आणि नेहमीची औषधे जवळ असावीत. भ्रमणध्वनीवर विसंबू नये. प्रत्येकाचे ओळखपत्र बरोबर हवे. मंदिरापुढे प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायचे तर सीमा सुरक्षा दलाचा परवाना लागतो. त्याची चौकशी जैसलमेरलाच करावी. परदेशी पारपत्र असलेल्या नातेवाइकांची परवानगी आधीच काढावी.

जवानांशी आदराने बोलावे. त्यांच्या कामाविषयी नको ते प्रश्न विचारू नयेत आणि मनाई असेल तेथे छायाचित्रे काढू नयेत. कचरा वाळवंटात न टाकता परत आणावा. आरतीसाठी थोडे थांबावे. गणवेशातील जवान घंटा वाजवितो आणि आरती संपताच पुन्हा आपल्या कामाला लागतो. घरापासून शेकडो कोस दूर तो जे व्रत पाळतो, त्यातील थोडी शिस्त आपल्या दैनंदिन जीवनात उतरविणे, हाच तनोटचा खरा प्रसाद.