किल्ली खातेदाराच्या हाती हवी



कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांस रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून दुसरी पडताळणी अनिवार्य केली. त्या सुमारास काही बँका किल्लीच्या जुडग्यात मावणारे, थोड्या थोड्या वेळाने नवा अंक दाखविणारे यंत्र ग्राहकांस देत. ते भक्कम खरे. पण घरी विसरले की व्यवहार खोळंबलाच! भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी त्यामानाने सोयीचा ठरला.

परंतु ही सोय कोणाची? निवृत्तिवेतन घेणाऱ्या एखाद्या आजींच्या खात्यास नातवाचा क्रमांक जोडलेला असतो. नातू पुण्याला नोकरीस. अंक त्याच्याकडे जातो आणि आजी स्वतःच्याच पैशांसाठी त्याच्या निरोपाची वाट पाहतात. पुढे तो क्रमांक बंद होऊन परक्यास मिळाला, तर प्रसंग अधिकच बिकट.

म्हणून ग्रामसभेत प्रत्येक खातेदारास विचारावे, की खात्याशी कोणाचा क्रमांक जोडला आहे? तो दुसऱ्याचा असल्यास खातेदाराने शाखेत जाऊन बदलून घ्यावा. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, हेही समजावून द्यावे. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.