मोडलेलं मूल्य मोडलेलंच दिसावं



 आपल्या क्षेत्राचा वार्षिक आढावा इतर वक्ते घेतीलच. मी माझा वेळ एका प्रश्नाला देणार आहे. आपण प्रोग्राममध्ये एखादा नवा टाइप घडवतो, तेव्हा तो डीबगरमध्ये कसा दिसावा, हे कोणी ठरवायचं?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी हा डीबगर लिहिला, तेव्हा हा प्रश्न फारसा पडत नव्हता. सी भाषेतलं स्ट्रक्चर एकेक फील्ड करून छापलं की काम भागायचं. सी प्लस प्लसची स्टँडर्ड लायब्ररी रोजच्या वापरात आली आणि ते पुरेना. व्हेक्टरमध्ये पाच विद्यार्थ्यांचे गुण ठेवलेत, आणि प्रिंट म्हटल्यावर समोर येतात तीन पत्ते: सुरुवात कुठे, शेवट कुठे, राखून ठेवलेली जागा कुठवर. गुण कुठेच नाहीत. मॅपची अवस्था तर आणखी वाईट. आत रेड-ब्लॅक ट्री असतो. डीबगर त्याचा रंग दाखवतो, पालक, डावा, उजवा असे पॉइंटर दाखवतो. की आणि व्हॅल्यू मात्र नोडच्या या सुरुवातीच्या भागानंतर मेमरीत असतात आणि हाताने कास्ट केल्याशिवाय हाती लागत नाहीत. अनेकांच्या जीडीबीइनिट फाइलमध्ये यासाठी रचलेले मॅक्रो असायचे. एकाचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे जायचे.

ऑक्टोबर २००९ मध्ये जीडीबी ७.० आला आणि त्यात पायथन आला. टॉम ट्रोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्याची मांडणी अगदी थोडक्यात आहे. तुम्ही एक फंक्शन नोंदवता. डीबगर त्याच्या हाती मूल्य देतो. टाइप ओळखीचा असेल तर फंक्शन प्रिंटर परत करतं, नसेल तर पायथनचं नन. प्रिंटरच्या मुख्य मेथड तीन: टू_स्ट्रिंग एका ओळीचा मजकूर देते, चिल्ड्रेन आतले घटक एकेक करून पुढे करते, आणि डिस्प्ले_हिंट ही रचना ॲरेसारखी मांडायची, मॅपसारखी की स्ट्रिंगसारखी, ते सांगते. जीसीसीच्या सी प्लस प्लस लायब्ररीने स्वतःचे प्रिंटर सोबत द्यायला सुरुवात केली. पुढे व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ ने नॅटव्हिस आणलं, त्यात हेच एक्सएमएलमध्ये लिहायचं. एलएलडीबीत समरी आणि सिंथेटिक चिल्ड्रेन आहेत.

म्हणजे सोय सगळीकडे आहे. माझी काळजी वेगळी आहे. आपण प्रिंटर लिहितो ते मूल्य धडधाकट आहे असं धरून, आणि डीबगर उघडतो तेव्हा बहुधा ते धडधाकट नसतं.

कोअर फाइल घ्या. तिथे चालता प्रोग्रामच नाही, त्यामुळे साइझ या मेथडला हाक मारून काही मिळणार नाही. जे कळेल ते मेमरी वाचूनच. चालत्या प्रोग्राममध्ये हाक मारता येते, पण ती मेथड एखादं लॉक मागून बसली, तर तपासणारा आणि तपासला जाणारा दोघेही अडकतात. व्हेरिएबलच्या ओळीवर अजून प्रोग्राम पोचलेला नसतो, तेव्हा व्हेक्टरच्या जागी स्टॅकवरचा जुना कचरा असतो आणि लांबी कोटींच्या घरात निघू शकते. चिल्ड्रेनने आधीच सगळी यादी तयार केली, तर डीबगर गोठतो. एकेक घटक मागेल तसा दिला, तर जीडीबी आपल्या ठरलेल्या मर्यादेवर, म्हणजे मुळात २०० घटकांवर, थांबतो.

याहून घातक म्हणजे नीटनेटकं खोटं. इथे आपल्या भाषेचं उदाहरण देतो. कोणीतरी नावासाठी २० बाइटचा कॅरेक्टर ॲरे ठेवला आणि त्यात ‘ज्ञानेश्वर’ कॉपी केलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हलन्त आणि मात्राही त्यात आल्या. या नावाची चिन्हं दहा, म्हणजे बाइट ३०. पहिल्या १८ मध्ये ‘ज्ञाने’ बसतं, उरलेल्या दोनांत ‘श’चे पहिले दोन बाइट. सर्व्हरचं लोकेल साधं सी असेल, तर जीडीबी \३४०\२४४ अशा ऑक्टल आकड्यांची रांग छापतो आणि मराठी माणसाला स्वतःचंच नाव वाचता येत नाही. लोकेल यूटीएफ-८ केलं, की ‘ज्ञाने’ अक्षरांत दिसतं आणि पुढे ‘इनकम्प्लीट सिक्वेन्स’ अशी नोंद येते. ही नोंद हाच बगचा पुरावा आहे. आणि आपल्यातलाच एखादा हौशी प्रिंटर-लेखक एरर टाळायला डीकोड करताना ‘इग्नोर’ लिहितो. दोन बाइट गळतात, पडद्यावर स्वच्छ ‘ज्ञाने’ उमटतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की डेटाबेसमध्ये नावच अपुरं भरलं होतं. तो भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

मॅपचंही तसंच. ट्रीमध्ये घटकांचा आकडा वेगळा नोंदलेला असतो. तो म्हणतो पाच आणि फिरून मोजले तर तीन, अशा वेळी प्रिंटरने दोन्ही आकडे छापावेत. मूळ रूप पाहायला जीडीबीत प्रिंट स्लॅश आर आहे, पण दिसतंय त्यावर संशय आल्याशिवाय ते कोण वापरतो?

म्हणून खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. आपल्यापैकी जे लायब्ररी प्रसिद्ध करतात, त्यांनी प्रिंटर लायब्ररीसोबतच द्यावा. जीडीबी तो ऑब्जेक्ट फाइलच्या नावावरून आपोआप उचलू शकतो, सुरक्षित मार्गांची परवानगी तेवढी लागते. टाइपची आतली रचना बदलणाऱ्या कमिटमध्येच प्रिंटर बदललेला असावा. आणि त्याच्या चाचण्यांत किमान तीन मूल्यं बिघडलेली असावीत: एक इनिशियलाइज न झालेलं, एक फ्री केलेलं, एक मध्येच तुटलेलं. मसुदा उद्या सकाळी सभागृहाबाहेर लावलेला असेल. दुरुस्त्या दुपारपर्यंत लेखी द्याव्यात.