उंदीर, पिसू आणि आपण
(बुद्धजयंतीनिमित्त विहारात दिलेले भाषण)



कोणतीही गोष्ट कारणाशिवाय, एकटी उपजत नाही, हा प्रतीत्यसमुत्पाद आपण नेहमी ऐकतो. पर्यावरणशास्त्राचाही पाया तोच आहे. कोणताही जीव एकटा जगत नाही. याचे उदाहरण आम्ही आपल्या परळमधलेच देतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो प्रथम मांडवीत आढळला. रोग कसा पसरतो हे कळत नव्हते. घरांची कौले काढली गेली, माणसांना बळाने इस्पितळात नेले गेले, आणि घाणीचा ठपका गरिबांवर बसला. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत खरा दुवा दाखविला. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, त्यावर शिक्कामोर्तब झाले. धान्यावर उंदीर जगतो, उंदराच्या रक्तावर पिसू आणि पिसवेच्या पोटात जंतू. उंदीर मरून थंड पडला की पिसू दुसरे ऊबदार अंग शोधते. ते अंग माणसाचे!

या साथीमुळेच १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा-उजेड आणणे हे त्याचे काम. पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली कमीच पडली. त्याच ट्रस्टच्या परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली.

आजही आपण विषाच्या गोळ्या ठेवतो, पिंजरे लावतो. पण अन्न आणि आसरा तेवढाच राहिला, तर उरलेले उंदीर भराभर वाढून पुन्हा तेवढेच होतात. निसर्गाचा हा हिशेब चुकत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदराच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात.

मग खिडकीतून घरगल्लीत उष्टे फेकणारा हात कोणाचा? आमचाही आहे, हे आम्ही कबूल करतो. आणि त्या घरगल्लीत सफाईला उतरणारा कोण? बहुधा आपल्याच समाजाचा भाऊ.

तेव्हा दोष कोणाचा, हे शोधत बसण्यापेक्षा साखळीचा जो दुवा आपल्या हातात आहे तो तोडू या. आजपासून उष्टे डब्यातच टाकायचे. एवढा संकल्प केला, तरी आजची पौर्णिमा सार्थकी लागेल.

नमो बुद्धाय! जयभीम!