टिपेटची जाडी आणि पिसांची माशी

ट्राउट आणि सॅमन हे थंड पाण्याचे मासे असल्यामुळे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या ग्वाल्हेर परिसरातील नद्या-तलावांत त्यांचे जगणे शक्य नाही. तथापि १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून काश्मीरच्या ओढ्यांत तपकिरी ट्राउट रुजला, १९०७ च्या सुमारास एच. सी. विल्सन यांनी निलगिरीत इंद्रधनुषी ट्राउट वाढवला, आणि तेव्हापासून कृत्रिम माशीने ट्राउट धरण्याची कला भारतातही नांदत आहे. ग्वाल्हेरहून काश्मीरला किंवा कुलूकडे जाणाऱ्या शौकिनाची खरी परीक्षा होते ती दोरीचे शेवटचे टोक आणि त्याला बांधायची माशी यांची निवड करताना.

साध्या गळाला शिसे बांधलेले असते आणि त्याच्या वजनामागे दोरी जाते. येथे मात्र पिसे आणि रेशीम गुंडाळून तयार केलेल्या माशीला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून जाड, लेप दिलेली दोरीच काठीच्या झोक्याने फेकली जाते आणि माशी तिच्यामागून जाते. या जाड दोरीला पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा जोडतात, त्याला लीडर म्हणतात, आणि लीडरच्या टोकाला जो दोन-तीन फुटांचा सर्वांत बारीक तुकडा बांधतात तो टिपेट होय. टिपेटची जाडी एक्स या मापाने सांगतात. पूर्वी रेशीमकिड्याच्या ग्रंथींपासून ओढून काढलेली तात वापरीत आणि ती बारीक करण्यासाठी जंत्रीच्या छिद्रांतून जितक्या वेळा ओढली जाई तितके एक्स तिला लागत, म्हणून आकडा वाढला की धागा बारीक होतो. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी मिळते: ४ एक्सचा धागा सात हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर जाड असतो. गळाच्या आकड्यांतही मोठा आकडा लहान गळाचा असतो, आणि त्या आकड्याला तीनने भागले असता साधारण योग्य टिपेट मिळते, म्हणजे बारा क्रमांकाच्या माशीला ४ एक्स, अठराला ६ एक्स. लहान माशीला जाड धागा बांधला तर तो ताठ राहतो आणि माशी प्रवाहाबरोबर मोकळी न वाहता ओढल्यासारखी सरकते, जे ट्राउट तत्काळ ओळखतो. उलट मोठ्या माशीला बारीक धागा बांधला तर फेकताना तो पिळवटतो आणि गाठीपाशी तुटतो.

धागा कशाचा आहे हेही पाहावे लागते. नायलॉन पाण्यापेक्षा किंचितच जड असल्याने पृष्ठभागावर तरंगणाऱ्या कोरड्या माशीला तो सोयीचा असतो. फ्लुओरोकार्बन त्याहून पुष्कळ जड असून त्याचा वक्रीभवनांक पाण्याच्या जवळ असल्यामुळे तो पाण्यात कमी दिसतो, म्हणून बुडणाऱ्या माशीसाठी तो पसंत केला जातो. गाठ आवळण्यापूर्वी ती ओठांनी ओली करावी, कारण कोरडी गाठ घसरताना घर्षणाने तापते आणि धागा तेथेच कमजोर होतो. फेकताना आपोआप पडलेली साधी गाठ दिसल्यास टिपेट निःसंकोच कापून टाकावे.

माशाच्या स्वभावाप्रमाणे आमिष निवडण्याचा विचार भारताला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यात निरनिराळ्या माशांना कोणते खाद्य रुचते याचे तपशील आहेत. ट्राउटच्या बाबतीत हाच विचार त्या दिवशी पाण्यावर कोणता कीटक उमलतो आहे हे पाहून तशीच माशी बांधण्यात दिसतो. सॅमनचे गणित मात्र वेगळे आहे. अटलांटिक सॅमन अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत शिरला की खाणे थांबवतो, त्यामुळे त्याची माशी कोणत्याही कीटकाची प्रतिकृती नसते, तर त्याला डिवचणारा आकार आणि चमक असते, आणि तिची निवड पाण्याच्या तापमानावर व पातळीवर ठरते. पाणी थंड आणि चढलेले असेल तर मोठी माशी खोल नेतात, आणि पाणी कोमट व उतरलेले असेल तर लहान, विरळ पिसांची माशी पृष्ठभागाच्या जरा खाली चालवतात; ही दुसरी पद्धत स्कॉटलंडच्या डी नदीवर केअर्नटन येथे ए. एच. ई. वुड यांनी प्रसिद्धीस आणली. सॅमनच्या टिपेटला एक्सऐवजी तुटण्याच्या भाराचे माप लावतात: मोठ्या माशीला सात ते नऊ किलो, लहान माशीला चार-पाच.

पिसांच्या या माशांच्या सजावटीत भारताचा वाटा मोठा आहे. सह्याद्रीपासून पचमढीपर्यंत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसाचे टोक मेणासारख्या चकचकीत, पिवळसर पांढऱ्या पट्टीचे असते, आणि ‘जॉक स्कॉट’सारख्या नामांकित सॅमनमाशांच्या दोन्ही बाजूंना ते लावीत. त्यासाठी एके काळी या पक्ष्याची सर्रास हत्या झाली. आज तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि त्या पिसाची नक्कल पुरेशी असताना खऱ्याचा हट्ट धरणे असमर्थनीय आहे.

बारीक टिपेट वापरणे हे कौशल्याचे लक्षण मानण्याची प्रवृत्ती शौकिनांत दिसते, पण तिचा पुनर्विचार व्हायला हवा. धागा जितका कमजोर तितका मासा दमवण्यास अधिक वेळ लागतो, आणि पाणी वीस अंशांच्या आसपास गेले की त्यातील प्राणवायू घटत असल्याने दमलेला ट्राउट सोडून दिल्यावरही मरू शकतो. म्हणून माशी साथ देईल तितका जाड धागा घेऊन झुंज लवकर संपवणे हीच माशाविषयीची खरी दया आहे. नर्मदेतील महाशीर, ज्याला मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्यमत्स्याचा दर्जा दिला, त्याच्याबाबतीत हे अधिकच लागू पडते, कारण त्याची पहिली झेप खडकांकडे असते आणि त्याच्या घशातील दात चिरडण्याइतके बळकट असतात. एच. एस. थॉमस यांच्या १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’पासून महाशीरची तुलना सॅमनशी होत आली आहे, आणि सॅमनचेच जाड टिपेट व लहान मासोळीसारख्या लांबट माशा त्याला चालतात.

ग्वाल्हेरपासून जवळ असलेली चंबळ मात्र घडियालांचे अभयारण्य असल्यामुळे तेथे मासेमारीला मनाई आहे. हवेत श्वास घेणारा घडियाल जाळ्यात गुंतला की पाण्याखालीच गुदमरतो, आणि नदीकाठी टाकलेला टिपेटचा तुकडाही वर्षानुवर्षे न कुजता पक्ष्यांच्या पायांत अडकत राहतो, म्हणून कापलेला प्रत्येक धागा खिशात ठेवून घरी नेण्याची सवय प्रत्येक पाण्यावर लावून घ्यावी.