पट्टकादंब : गाळपेराच्या रानातील हिवाळी पाहुणा
(रब्बी शेतकरी मेळाव्यातील भाषण)



येलदरी, सिद्धेश्वर व इसापूर धरणांचे पाणी ओसरले की आपण उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतो. हिवाळ्याच्या त्याच दिवसांत महाराष्ट्रातील जलाशयांवर उत्तरेकडून पाणपक्षी येतात. पट्टकादंब हा त्यांपैकीच एक. पैठणच्या नाथसागरावर तो हमखास दिसतो. राखाडी अंग, पांढरे डोके, त्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे आणि दोन ते तीन किलो वजन, ही त्याची ओळख होय.

त्याची वीण लडाख, तिबेट व मंगोलियातील सरोवरांकाठी होते. मादी साधारणपणे ४ ते ६ अंडी घालते व सुमारे चार आठवडे उबवते. पिलांची राखण नर-मादी दोघेही करतात. विणीनंतर पंखांची मोठी पिसे एकदमच झडतात, त्यामुळे काही आठवडे त्याला उडता येत नाही. नवी पिसे आली की तो हिमालय ओलांडून खाली येतो. उपग्रहाद्वारे माग घेतलेल्या पक्ष्यांपैकी एकाने ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे. विरळ हवेतील प्राणवायू धरण्याची त्याच्या रक्ताची ताकद अधिक असते.

आता पिकाविषयी. गवत, कोवळी पाने व दाणे हा त्याचा आहार. गव्हाने कांडी धरण्यापूर्वी वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरची पाने खाल्ली तरी पीक पुन्हा फुटते. परंतु ओल्या गाळातून रोप मुळासकट उपटले गेले किंवा कांडी धरल्यावर शेंडा खाल्ला गेला, तर ते नुकसान भरून येत नाही. म्हणून थवा उतरत असेल तर या दोन अवस्थांत राखण कडक ठेवावी. चमकणाऱ्या फिती बांधाव्यात. बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, नाहीतर पक्षी त्याला सरावतात.

विषप्रयोग मात्र कदापि करू नये. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरल्यास ते बिळातच टाकून बीळ बुजवावे. उघड्यावरचे दाणे पक्षी व जनावरे दोघांनाही मारतात. बीजप्रक्रिया केलेले बी मातीआड करावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या पक्ष्याची शिकार हा गुन्हा आहे.

उन्हाळा लागण्यापूर्वी थवे परत फिरतात. तेवढे दिवस पिकाची राखण करावी आणि पाहुण्याला सुखरूप जाऊ द्यावे, एवढीच विनंती.