गाडीचा श्वास आणि गटाचा पैसा

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज लोणची-पापडांचं बोलणार नाही आहोत. आज बोलायचंय गाडीच्या इंजिनाबद्दल. ‘ते बापयांचं काम’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडीचा हप्ता आपण भरतो, मग गाडीच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला कळायला नको का?

आमच्या गटात आम्ही बाराजणी. भाजी आणि मसाले बाजाराला न्यायला आम्ही एक जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. दोन वर्षं बरी चालली. मग घाटात दम लागायला लागला. पिकअप मिळेना, ॲव्हरेजही कमी झालं. आमच्या एका ताईंचा पुतण्या गॅरेजात काम शिकत होता. तो म्हणाला, “आत्या, मॅनिफोल्डला स्पेसर लावू. गाडी पळेल बघा. घरीच बसवतो, मजुरी वाचेल.”

आता हा स्पेसर म्हणजे काय? चुलीत नुसती लाकडं घालून भागत नाही, फुंकणीनं वारा द्यावा लागतो. इंजिनाचंही तसंच. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. ही हवा फिल्टरमधून गाळून येते आणि पुढे एका फाटे फुटलेल्या नळीतून प्रत्येक सिलिंडरला जाते. त्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. मॅनिफोल्ड जिथे इंजिनाच्या हेडला जोडलेला असतो, तिथे मध्ये एक जाड पट्टी घालतात. तीच स्पेसर. पट्टी प्लास्टिकसारख्या टणक मालाची असली तर हेडची उष्णता मॅनिफोल्डकडे कमी जाते आणि हवा थोडी थंड राहते. शिवाय हवेची वाट थोडी लांबते. कल्पना खोटी नाही. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमागे उष्णता अडवणारी अशी जाड चकती कंपनीच बसवते.

आम्ही काय केलं? दोघीतिघींनी अंगणात उभ्या उभ्या ‘कर बाबा’ म्हटलं. बैठक नाही, ठराव नाही. रविवारी पोरानं पट्टी बसवली. मंगळवारी पहाटे मेथी-पालकाच्या पाट्या भरून आम्ही निघालो. गाडी उभी असतानाच आपोआप रेस घ्यायला लागली. इंजिनातून सूं सूं आवाज, पुढे दिवा पेटलेला. घाटाच्या पायथ्याशी मिसिंग सुरू झालं. पोरगा बरोबर होता. त्यानं बोल्ट आणखी आवळले, आणि एक बोल्ट नुसताच फिरायला लागला. आटे गेले होते.

भाजी उन्हात सुकली. आमच्यातल्या एका काकूंचं घर त्या मंगळवारच्या बाजारावरच चालतं. त्या काही बोलल्या नाहीत, पाटी उचलून घरी गेल्या. ते आम्हाला भांडणापेक्षा जास्त लागलं.

तालुक्याच्या गॅरेजवाल्या दादांनी गाडी उघडली आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. पट्टी 10 मिलिमीटर जाड होती, पण बोल्ट जुनेच वापरले होते. म्हणजे प्रत्येक बोल्ट आत 10 मिलिमीटर कमी गेला. दोन-चार आट्यांवर सगळा भार आला. हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. जोर लावताच आटे निघून आले. दुसरी चूक पॅकिंगची. पट्टी मध्ये आली की सांधे दोन होतात, म्हणून पॅकिंगही दोन्ही बाजूंना लागतं. पोरानं एकीकडे नवं घातलं, दुसरीकडे जुनंच फाटकं ठेवलं. तिथून गाडी एअर घेत होती. न मोजलेली हवा आत शिरली की पेट्रोलचा मेळ बिघडतो, म्हणून रेस आणि मिसिंग. दादांनी भोकात नवे आटे बसवून दिले. त्यात आमची दोन महिन्यांची बचत गेली.

पट्टी आता आणलीच आहे, तर नीट बसवून बघू, असं आम्ही बैठकीत ठरवलं. दादांच्या देखरेखीखाली आमच्यातल्या दोघी हाताला हात लावून उभ्या राहिल्या. जे शिकलो ते सांगतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. किल्ली काढायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. जवळ चूल नको, बिडी नको. पेट्रोलच्या नळीत गाडी बंद असतानाही दाब असतो, ती नळी जाणत्या माणसानंच सोडायची. काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यायचे, प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून आकडा टाकायचा. बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्या जागचे त्या जागी खोचायचे.

मॅनिफोल्ड निघाला की हेडची तोंडं उघडी पडतात. एखादा नट आत पडला तर इंजिनच उघडावं लागेल. म्हणून तोंडात स्वच्छ फडकी कोंबायची, आणि किती कोंबली ते मोजून ठेवायचं. बसवताना तितकीच बाहेर आली पाहिजेत. जुनं पॅकिंग लोखंडी पात्यानं खरवडायचं नाही, प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीनं काढायचं.

पट्टीची भोकं आणि हेडची भोकं तंतोतंत जुळतात का ते बघायचं. नवे बोल्ट जुन्यांपेक्षा पट्टीच्या जाडीइतकेच जास्त लांब हवेत. आखूड झाले तर आटे जातात, फार लांब झाले तर तळाला टेकतात आणि पट्टी सैल राहते. आधी सगळे बोल्ट नुसत्या हातानं फिरवायचे. मग भाकरी जशी मधून कडेला थापतो, तसं मधल्या बोल्टपासून कडेकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. अंदाजानं जोर लावायचा नाही.

शेवटी कुठली नळी किंवा वायर ताणली जात नाही ना, बॉनेट टेकत नाही ना, ते बघायचं. फडकी मोजायची. मग गाडी चालू करून कान द्यायचा. पंखा आणि पट्ट्यापासून पदर, ओढणी, बांगड्या लांब. सांध्यावर साबणाचं पाणी थोडं फवारायचं. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथे हवा आत ओढली जातेय. पेट्रोल किंवा कुठलंही पेट घेणारं फवारून बघू नये.

आता फायद्याचं. गाडी नीट चालू लागली. मग महिनाभर आम्ही वही ठेवली. त्याच पंपावर टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, तोच रस्ता, तेवढंच ओझं. स्पेसरनं ॲव्हरेजमध्ये फरक दिसला नाही. घाटात दमही तसाच लागायचा.

मग दादांनी हवेचा फिल्टर काढून दाखवला. मैत्रिणींनो, आमच्या कच्च्या रस्त्याची सगळी धूळ आणि भुसा त्यात भरलेला. मळलेल्या फडक्यातून पीठ चाळल्यासारखं. नवा फिल्टर घातला, चाकांत हवा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे भरली, आणि गाडी पूर्वीसारखी घाट चढली. नाक चोंदलेलं होतं आणि आम्ही गळ्यात ताईत बांधत होतो.

स्पेसर वाईट असं आम्ही म्हणत नाही. शर्यतीच्या गाडीत, जिथे इंजिन फार वेगानं फिरतं, तिथे हवेच्या वाटेची लांबी-रुंदी मोजून बसवतात. आपल्या भाजीच्या गाडीला आधी स्वच्छ फिल्टर, वेळेवर ऑइल, चांगले प्लग आणि चाकांत हवा. एवढं करूनही दुखणं राहिलं, तर ते कुठे आहे ते तपासायचं. नवी वस्तू सगळ्यात शेवटी.

आणखी एक. आता आमच्या गटात ठराव आहे. गाडीला काहीही नवं लावायचं तर बैठकीत सगळ्यांसमोर तीन गोष्टी विचारायच्या: दुखणं नेमकं काय आहे? बिघडलं तर खर्च कोण करणार? बाजाराच्या किती आधी काम पुरं होणार? उत्तरं वहीत लिहायची, सह्या घ्यायच्या. त्या पोराला आम्ही हाकललं नाही. तो आता दादांच्या हाताखाली शिकतोय. चूक त्याच्या हाताची होती, पण घाई आमची होती. त्या मंगळवारचं काकूंचं नुकसान गटानं भरून दिलं. तेही वहीत लिहिलं.

येत्या बैठकीला तुमच्या गटाची गाडी असो, पिठाची गिरणी असो की पाण्याचं इंजिन, त्याचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा. कुणालाच सांगता आलं नाही, तर तिथूनच सुरुवात करा.